ढग हाताशी, पाऊस दूर

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या माळावरचा शेतकरी जूनअखेरीला पश्चिमेकडे बघतो. ढग येतात, पण सह्याद्रीवर बरेचसे रिकामे होऊन. तिकडे महाबळेश्वरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची (आयआयटीएम) ढगभौतिकी प्रयोगशाळा 2012 पासून त्याच ढगांचे थेंब मोजते. विमान लागत नाही. ढगच खाली उतरून यंत्रांना वेढतात.

सोय मोठी, जाचही तेवढाच. जुलै 2021 मध्ये तिथे चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. बीडला तेवढ्यासाठी जवळपास अख्खं वर्ष लागतं!

असा जाच किती टोकाला जातो, हे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर दिसलं. 20 सप्टेंबर 2017 ला तिथे मारिया चक्रीवादळ धडकलं. तिथल्या पिको देल एस्ते या सुमारे 1050 मीटर उंच शिखरावर संशोधक ढगांचं पाणी गोळा करत, त्यात सहारातून उडून आलेली धूळ शोधत. वादळाने डोंगरावरची झाडं ओरबाडली, बेटाची वीज महिनोन्महिने गेली. अशा जागी केंद्र पुन्हा उभं करायचं तर यंत्रांआधी रस्ता आणि वीज हवी. यंत्र नवं घेता येतं. मधल्या काळात निसटलेल्या नोंदी मात्र कुठल्या दुकानात मिळणार?

आपल्याकडेही या नोंदींची गरज आहे. ऑगस्ट 2019 मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी ढगांत पेरणी करायला औरंगाबादहून विमान उडालं होतं. पेरणीजोगा ढग कोणता, हे ओळखायला अशाच नोंदी लागतात.