मागच्याचा पाऊस

कोकणच्या सागरी मार्गावर सपाट रस्ता फारसा मिळत नाही. खाडीपाशी उतरायचं, पलीकडे गेलं की सड्यावर चढायचं, सडा संपला की पुन्हा खाडी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांनी किनाऱ्याचे असे तुकडे पाडलेत की सायकलवाल्याचा अर्धा दिवस चढण्यात जातो आणि उरलेला ब्रेक दाबण्यात. त्यात ऑक्टोबरात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की परतीचा पाऊस दुपारच्या गडगडाटाची वाट बघत बसत नाही. आम्ही दापोलीहून निघालो तेव्हा उजाडलं होतं म्हणायचं एवढंच. गुहागर गाठायचं होतं, आणि आभाळ जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकलं होतं.

पावसाळी सायकलिंगचं सामान विकणारे रेनकोटाबद्दल फार बोलतात. आतला घाम बाहेर जातो आणि बाहेरचं पाणी आत येत नाही, असं ते महागडं कापड. थंड आणि कोरड्या हवेत ते खरंही असेल. पण घामाची वाफ बाहेर पडायची तर बाहेरच्या हवेत तिला जागा हवी ना? कोकणातली हवा आधीच ओथंबलेली. पहिल्या चढाला आतून भिजायला होतं, दुसऱ्या चढाला आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते कळेनासं होतं. आमच्यातले सगळ्यात जुने सायकलवाले काका रेनकोट घालतच नाहीत. ‘पाणी एकाच बाजूने येऊ दे की,’ म्हणतात. बुटांवर चढवलेल्या पिशव्या, घड्या घालून खिशात जपलेला रुमाल, सगळ्याची तीच गत. स्वतःसाठी म्हणून जे जे घेतलेलं असतं, ते पावसात तासाभरात निकामी होतं.

कामाला येतं ते मागच्यासाठी केलेलं. मडगार्डचंच बघा. टायर रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि मागे उडवतं. आपली पाठ तर भिजलेलीच असते, तिला आणखी एका पट्ट्याने काही फरक पडत नाही. पण तीच धार मागून येणाऱ्याच्या थेट तोंडावर बसते, आणि ती पावसाच्या पाण्याची नसते. तिच्यात लाल माती असते, वाळू असते, गुरं नुकतीच पुढे गेलेली असली तर आणखीही काही असतं. इंग्लंडमधले बरेच सायकल क्लब हिवाळ्यातल्या ग्रुप राइडला मडगार्डशिवाय येऊ देत नाहीत. तो नियम मला नेहमीच सभ्यतेचा वाटत आलाय. आपल्याकडे पोस्टमन आणि दूधवाले ज्या काळ्या सायकली चालवत, त्यांना दोन्ही चाकांवर पत्र्याचं भरभक्कम मडगार्ड असे, साखळीलाही झाकण असे. आता लाखभर रुपयांची सायकल उघडीवाघडी येते. वजन वाचतं म्हणे.

मागचा लाल दिवाही तसाच. तो आपल्याला कधी दिसतच नाही. आणि हाका. कोरड्या दिवशी ग्रुप दोन-दोन किलोमीटर पांगतो, ज्याचे पाय चांगले तो पुढे, आणि चहाच्या टपरीवर आधी कोण पोचलं याचा हिशेब होतो. पावसात ती ऐट राहत नाही. पाण्याने भरलेला खड्डा आणि साधं डबकं वरून सारखंच दिसतं, त्यामुळे पुढच्याचं चाक कुठून गेलं हे बघत जावं लागतं. ‘खड्डा!’ पुढून शब्द येतो, आणि श्रमदानात घमेली सरकावीत तसा हातोहात मागे जातो. ‘गाडी!’ ‘शेण!’ ‘पांढरा पट्टा!’ ओल्या रंगावर चाक सटकतं, म्हणून त्यालाही हाक.

दाभोळच्या उतारावर तर बोलणंच थांबतं. रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर ओल्या दिवशी रबर आधी पाणी पुसतं आणि मग धरतं. मधल्या त्या दोन-तीन वेढ्यांत सायकल तुमचं ऐकत नसते. चर्रर्र आवाज येतो, रिमवरून काळपट राड ओघळते, मग कुठे पकड जाणवते. त्या दिवशी पुढे होत्या आमच्यातल्या सगळ्यात सावकाश चालवणाऱ्या मावशी. वेगवाले सगळे निमूट त्यांच्या मागे.

जेटीवर फेरीबोट पलीकडे गेलेली. समोर धूसर किनारा आणि डावी-उजवीकडे नुसतं पाणी. त्या पलीकडच्या अंगालाच तो गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प. नाव दाभोळचं आणि उभा खाडीपल्याड, अंजनवेलीला. टपरीवाल्याने न विचारता आलं जास्त घातलं.

फेरीने खाडी ओलांडली, आणि पलीकडचा धोपाव्याचा चढ संपता संपता एकाचं मागचं चाक बसलं. पंक्चर पावसातच जास्त होतात. ओल्या रबरात काच नि खडा सहज घुसतो. पॅच काही केल्या चिकटत नाही, ट्यूबच बदलावी लागते, आणि टायरमध्ये वाळूचा कण राहिला तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. तेव्हा दोघांनी अंगातले रेनकोट काढले आणि त्या चाकावर धरले. दिवसभरात रेनकोट तेवढाच उपयोगी पडला.

रस्त्याच्या कडेला शेतात कापून ठेवलेलं भात आडवं पडलं होतं. नवरा-बायको ताडपत्रीखाली जमेल तेवढे भारे ओढत होते. असं दोन-चार दिवस भिजलं तर लोंबीतच कोंब फुटतात, मग त्याचा तांदूळ होत नाही. आम्ही पावसाबद्दल काहीतरी हळहळलो, तशी बाई मान वर न करता म्हणाल्या, “तुमचं काय वो, तुम्ही भिजायलाच आलात.” यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. ट्यूब भरून होईपर्यंत तिघांनी ताडपत्रीची टोकं धरली, दगड लावून दिले. भारे अजून बरेच बाहेर होते. पुढे तास-दीड तास कुणी पावसाला नावं ठेवली नाहीत.

गुहागरला मुक्कामाच्या घरी रद्दीचा प्रश्न आला. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत पाणी शोषलं जातं, मधे एकदा बोळे बदलायचे एवढंच. पण इतक्या बुटांना पुरेल एवढी रद्दी हल्ली घरोघरी नसते. दिवाळी अंकांवर डोळा गेला, तो घरच्या काकूंनी वेळीच ओळखला. रात्री काका एकेक सायकल उलटी करून साखळ्या पुसत बसले. पावसाने तेल धुऊन नेलेलं असतं आणि उरलेल्यात वाळू मिसळून घासपेस्ट झालेली असते.

आमच्यातला एक तरुण बिनमडगार्डचा आला होता. तो तेवढ्यात काकूंकडून तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेऊन आला. कात्रीने लांब पट्टी कापली आणि सीटखाली चाकावर येईल अशी आवळली. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. तरी त्याने ती काढली नाही, आणि वेळणेश्वरच्या वाटेवर आम्ही ‘शुद्ध शेंगदाणा तेल’ वाचत त्याच्या मागून चढत होतो.