कानात वारं

बीडला घर आणि पाटोदा तालुक्यात शाळा, असा संसार असलेल्या माणसाला रोज मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. शिक्षकानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे. तो मी कसा पाळला याचा खुलासा इथं करत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथं विषय मोटारसायकलच्या पुढच्या काचेचा. या काचेपायी मी ज्या चुका केल्या, त्यातली एकेक करताना आपण फार हुशारीनं वागतोय अशीच माझी समजूत होती.

आधी रस्ता सांगतो, कारण रस्त्याशिवाय वाऱ्याचं गणित कळत नाही. बीड ते मांजरसुंबा हा धुळे-सोलापूर महामार्ग, साधारण दक्षिणेला जाणारा. घाट चढून वर आलं की बालाघाटचं पठार. तिथून पाटोद्याकडे वळलं की तोंड पश्चिमेला. पावसाळ्यात वारं येतं तेही पश्चिमेकडूनच, कधी थोडं नैर्ऋत्येकडून. म्हणजे मृग लागल्यापासून भादव्यापर्यंत सकाळी शाळेला जाताना वारा छातीवर आणि संध्याकाळी घरी येताना पाठीवर. पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. त्यांची तोंडं नेहमी वाऱ्याकडे वळलेली असतात. मी रोज त्यांच्या खालून जायचो आणि आज वारा कुठून आहे हे बघायचं सोडून, आता किती पाती फिरतायत तेवढं बघायचो.

गाडी बुलेट. तिच्यावर माणूस ताठ बसतो. छाती, खांदे, डोकं सगळं वाऱ्याला आयतंच मिळतं. गाडी साठनं चाललीय आणि समोरून वीसचा वारा आहे, तर अंगाला लागतो तो ऐंशीचा. संध्याकाळी तोच वारा पाठीमागून, म्हणजे लागतो चाळीसचा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून सकाळचा रेटा संध्याकाळच्या दुप्पट नव्हे, चौपट. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळं हे गणित मला येत होतं. उत्तरही बरोबर काढलं. त्यावरून जो निष्कर्ष काढला तो मात्र चुकला: वारा मोठा, तर काचही मोठीच हवी.

दुकानात गाडी स्टँडवर, मी सीटवर ताठ, आणि दुकानातला पोरगा काच धरून समोर उभा. "अजून वर घे, अजून," असं मी म्हणत होतो. काचेची वरची कड माझ्या कपाळाच्या रेषेत आली तेव्हा समाधान झालं. गाडी उभी, वारा नाही, पंखासुद्धा बंद होता, आणि मी वारा अडवायची वस्तू पसंत करत होतो. वर धुरकट रंगाची घेतली, कारण बुलेटला शोभते. रंगाची चूक पहिल्याच पावसाळी संध्याकाळी कळली. कड डोळ्यांच्या वर असली की रस्ता काचेतूनच बघावा लागतो, आणि थेंबांनी भरलेल्या काळपट काचेतून खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. रात्री किंवा पावसात गाडी चालवायची असेल तर काच पारदर्शक घ्यावी आणि तिच्या कडेवरून रस्ता दिसला पाहिजे. हे दुकानात सुचायला हवं होतं.

खरी गंमत पुढं आहे. गावातून बाहेर पडेपर्यंत सगळं छान. छातीवर वाऱ्याचा धक्का नाही, शर्ट फडफडत नाही. महामार्गावर सत्तरच्या पुढं गेलो आणि हेल्मेट हलायला लागलं. साधं हलणं नव्हे. सुपात धान्य पाखडावं तसं डोकं वरखाली. नजर ठरेना, समोरच्या गाडीचा नंबर वाचता येईना. आणि आवाज! काच नव्हती तेव्हा सूं असा एकसुरी आवाज होता, आता धडधड. शाळेत पोचलो तर परिपाठाच्या वेळी पोरांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

मी दोष दिला हेल्मेटला. नवीन, महागडं हेल्मेट घेतलं. आवाज थोडा कमी झाला, पाखडणं तसंच. मग वाटलं काच अजून उंच असती तर वारा डोक्यावरून निघून गेला असता. म्हणून वर आणखी एक जोडपट्टी बसवली. पाखडणं वाढलं. माझ्या मागं बसून येणारे एक सहकारी सर तर चौथ्याच दिवशी म्हणाले, "सर, मी आपला एसटीनं येत जाईन. तुमच्या काचेचा वारा सगळा माझ्या तोंडावर येतोय."

ते खरं बोलत होते, पण मी ते मनावर घेतलं नाही. वारा काचेला आपटून संपत नाही. तो कडेवरून वर उसळतो. काचेच्या मागं हवेचा दाब कमी झालेला असतो, तिकडं हवा ओढली जाते आणि कडेपाशी भोवरे तयार होऊन मागं सरकत राहतात. हे भोवरे ज्याच्या डोक्यावर येऊन फुटतात त्याचं डोकं हलतं. स्वच्छ, एकसारखा वारा अंगावर घेणं सोपं असतं. माणूस त्याच्यावर थोडा रेलतो आणि मान सवयीनं ते ओझं धरते. तुटलेला वारा धरता येत नाही, कारण तो क्षणाक्षणाला दिशा बदलतो. मी छातीवरचा सरळ वारा काढून डोक्यावर तुटका वारा घेतला होता, तोही पैसे मोजून.

हे कळण्याआधी एक धोक्याचा प्रसंग झाला, तो सांगितला पाहिजे. माझी काच हँडलला क्लॅम्पनं बसवलेली होती. संध्याकाळी महामार्गाला लागून उत्तरेला बीडकडे येताना वारा डाव्या हाताला असतो. मी एका कंटेनरला ओलांडत होतो. त्याच्या आडोशाला होतो तोवर हवा पडलेली. त्याच्या केबिनच्या पुढं आलो आणि डावीकडून वारा असा आदळला की गाडी दुभाजकाकडे सरकली. वारा अंगावर आदळला असता तर मी झुकलो असतो. इथं तो एवढ्या मोठ्या काचेवर आदळला आणि काच हँडलवर असल्यामुळं थेट हँडलच वळलं. सावरलो. घाटाखाली चहाच्या टपरीवर थांबलो, चहा दोनदा घेतला. हँडलवर बसणारी काच छोटी असावी, मोठी हवी असेल तर ती गाडीच्या सांगाड्याला धरलेली असावी, एवढं त्या दिवशी कळलं.

आता काच छोटी करायची ठरवली, आणि इथं माझा हातगुण दिसला. लोखंड कापायची करवत घेऊन घरीच बसलो. काच अॅक्रिलिकची होती. अॅक्रिलिक दिसायला फार नितळ, पण स्वभावानं कडक. जोर लावला की तडकतं. कापताना कडेला बारीक दाते राहिले, ते पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचे असतात, मी केले नाहीत. मग नवीन जागी भोकं पाडायला गॅरेजला नेली. "बोल्ट घट्ट बसला पाहिजे, काच खडखडायला नको," असं मीच सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "सर, जरा ढिल्लं भोक ठेवू, रबर टाकू." मी नको म्हणालो. त्यानं माझं ऐकलं. गिऱ्हाईक मास्तर असला की मिस्त्री वाद घालत नाहीत.

उन्हाळ्यात बीडचं ऊन बेचाळीसच्या घरात जातं आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं प्लॅस्टिक त्याहून कितीतरी जास्त तापतं. अॅक्रिलिक लोखंडाच्या पाच-सहापट प्रसरण पावतं. हातभर रुंदीच्या काचेत सकाळ आणि दुपार यांत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. त्या मिलिमीटरला माझ्या घट्ट भोकात जागा नव्हती. एके दुपारी शाळा सुटल्यावर बघतो तर भोकापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ. आठवड्यात तिची फट झाली. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो.

पुढची काच पॉलिकार्बोनेटची घेतली. ती तडकत नाही, पण पृष्ठभाग मऊ, चरे लवकर पडतात. त्याचीही मी काळजी घेतली नाही. सकाळी निघताना कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचो, म्हणजे आपल्या मातीचे कण काचेवर घासायचो. पावसाळ्यात चिकटलेले किडे निघेनात म्हणून एकदा पेट्रोल लावलं. किडे गेले, काचेवर जाळीसारख्या बारीक भेगा आल्या आणि ती कायमची धुरकट झाली. हिवाळ्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी समोरून उसाचे ट्रॅक्टर येतात, एकच दिवा लागलेला, तोही डोळ्यांत मारणारा, वर डीजे. तो एक दिवा चऱ्यांवरून फुटून सगळी काच पांढरी व्हायची आणि मला ट्रॉली कुठं संपते तेच दिसायचं नाही. आता भरपूर पाणी ओततो, माती वाहू देतो, मग ओलं मऊ फडकं आणि साधा साबण. किडे फार वाळले असतील तर ओलं फडकं पंधरा मिनिटं पांघरून ठेवतो. पेट्रोल टाकीत राहतं.

काचेची खरी उंची कशी ठरवायची, हे मला एका फिरस्त्या बुलेटवाल्यानं सांगितलं. कपिलधारला दर्शन करून मांजरसुंब्याला चहाला थांबला होता. माझी काच बघून त्यानं दोन प्रश्न विचारले. चालत्या गाडीवर खाली वाकलं तर आवाज कमी होतो का? आणि फुटरेस्टवर थोडं उभं राहिलं तर? वाकल्यावर शांत होत असेल तर काच उंच हवी. उठल्यावर शांत होत असेल तर काच जास्त झाली, ती उतरवा. रिकाम्या रस्त्यावर, बेताच्या वेगात करून बघितलं. चार बोटं वर उठलो आणि डोकं स्वच्छ वाऱ्यात आलं. नव्या हेल्मेटच्या पैशात जे मिळालं नव्हतं ते चहाच्या टपरीवर मिळालं.

मग मी काच विकत घ्यायच्या आधी पुठ्ठा घेतला. वहीच्या गठ्ठ्याचा जाड पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टी, जुन्याच ब्रॅकेटवर बांधला आणि सकाळी लवकर, रहदारी नसताना, थोडा थोडा कापत चालवून बघितलं. बघणारे हसले. पण बीएमडब्ल्यूनं 1976 मध्ये आर 100 आरएस आणली, तेव्हा तिचं समोरचं कवच इटलीत पिनिनफरिनाच्या पवनबोगद्यात तपासून बनवलं होतं. माझ्याकडं मांजरसुंबा-पाटोदा रस्ता होता आणि वारा फुकट. पुठ्ठ्याची कड छातीच्या वरच्या भागापाशी आली तेव्हा पाखडणं थांबलं. खाली हेडलाइटच्या वर दोन बोटांची फट ठेवली, तिथून थोडी हवा मागं आली की काचेमागचा दाब भरून निघतो आणि भोवरे मवाळ होतात. ही फट मी आधी रबरानं बुजवून टाकली होती, गळती समजून.

आताची काच एवढुशी आहे. बघणाऱ्याला वाटतं नुसती शोभेची. डोक्याला वारा लागतो, पण सरळ लागतो. आवाजाला कानात स्पंजाचे बोळे घालतो. मागं बसणारे सर परत आले. पावसाळ्यातही येतात, फक्त शिवशाहीची वेळ जुळली तर जात नाहीत असं नाही.

आधीची पॉलिकार्बोनेटची उंच काच तशीच पडून होती. आमच्या गल्लीत दूध घालणारा एक जण ती मागायला आला. माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणा, गाडी कधी चाळीसच्या पुढं नेत नाही, पहाटेच फिरतो. बसवली आणि आठवडाभरानं सांगायला आला, "गुरुजी, काच लई भारी हाय. तुम्ही काढली कशाला?" त्याची उंची, त्याचा वेग, त्याला ती बरोबरच होती. ब्रॅकेटचे पैसे घ्यावेत की नाही, यावर आमच्या घरी दोन मतं पडली. मी घेतले नाहीत.

हात मात्र अजून पौषात गारठतात. हँडलच्या टोकापर्यंत काच पोचत नाही, पोचवायचीही नाही. त्याला लोकरीचे हातमोजे आणि वरून हँडलला बांधायची रेक्झिनची खोळ.