पिवळी

आमच्या भागात वाघ्याला कुणी भिकारी म्हणत नाही. तो दारात येतो, कोटंबा पुढं करतो आणि मागतो ती वारी. कऱ्हेच्या काठची आमची गावं, शेतात उभं राहिलं की जेजुरीचा गड दिसायचा, त्यामुळं खंडोबाच्या माणसाला रिकाम्या हातानं लावून द्यायची रीत नव्हती. वाघ्या म्हणजे देवाचा कुत्रा, नवसानं देवाला वाहिलेला पोरगा. जुन्या काळी वाघे यात्रेत कुत्र्यासारखे भुंकायचे, जमिनीवर ठेवलेल्या कोटंब्यातलं कुत्र्यांच्या जोडीनं खायचे, असं आजी सांगायची. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्यापुढं ठेवायचा आणि मग घरातली पानं वाढायची, हे तर मी स्वतः केलंय. वर्षातला तेवढा एक दिवस कुत्र्याला मान. बाकीच्या दिवशी त्याच कुत्र्याच्या कमरेत लाकूड घालणारी माणसंही आमच्याच गावात होती.

आमच्याकडं दर रविवारी यायचा तो वाघ्या तेव्हा पन्नाशीचा असेल. अंगावर काळी घोंगडी, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, आणि मागं चार पावलांवर पिवळी. भंडाऱ्याच्याच रंगाची कुत्री. गळ्यात दोरी नाही की पट्टा नाही. तो ओट्याला टेकला की ही उंबऱ्याच्या बाहेर बसायची, आत नाक घालायची नाही. आजी त्याच्या झोळीत पसाभर बाजरी टाकायची आणि चतकोर भाकरी पिवळीला. वडील कुरकुरायचे. "त्याला दिलं ते ठीक, तिला कशापायी?" आजी म्हणायची, "आरं, दोघं एकाच्याच घरची."

बाबा आधी तिला खाऊ द्यायचे. आम्ही त्यांना बाबाच म्हणायचो. ती खाताना टक लावून बघायचे आणि मग स्वतःचा घास मोडायचे. मला वाटायचं, असेल काही देवाचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "देवाचं कशाचं पोरा. जनावर बोलतंय व्हय? त्येनं खायाचं सोडलं की दुखणं कळतंय." पुढं मी पशुधन पर्यवेक्षकाचं शिक्षण घेतलं, तेव्हा जनावर कसं तपासावं याच्या पहिल्या धड्यात हेच होतं. खातंय का, पितंय का, रवंथ करतंय का. मला तो धडा पाठ करावा लागला नाही.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. विहिरींचे तळ दिसायला लागले, दावणी मोकळ्या झाल्या, चांगले बैल मातीमोलानं बाजारात गेले. रेशनला मिळणाऱ्या तांबड्या मिलोच्या भाकरी चुलीवरच चिरायच्या. अशात वारी कोण घालणार? बाबांनी कोटंबा घोंगडीत गुंडाळून ठेवला आणि आमच्या आईबरोबर खडी फोडायला यायला लागले. पिवळी बाभळीखाली पडून असायची. तिच्या बरगड्या मोजता यायच्या. दुपारी मजुरांना सुकडी वाटायचे. बाबांनी त्यांच्या मुठीतली निम्मी पिवळीपुढं टाकली तसा मुकादम खवळला. माणसं उपाशी मरायला लागलीत आणि तू सरकारची सुकडी कुत्र्याला घालतोस? आजूबाजूची चारदोन माणसंही तोंड टाकून बोलली. बाबा जागेवरनं उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "जादा मागितली का? माझ्या वाटणीतलीच हाय. माझं पोट, मी कुठं घालायचं ती घालीन."

मुकादमाचं बोलणं मला अजूनही खोटं वाटत नाही. त्या साली पोरं खरंच सुकडीसाठी रडत होती. पण बाबांचंही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असताना काय करायचं, हे मला त्या बाभळीखाली कळलं नाही. आई घरी येऊन आजीला म्हणाली, "रातच्याला त्यो म्हातारा देवळात एकलाच निजतो. ती हाय म्हणून झोप लागत आसंल त्येला." त्यानंतर आमच्या घरात पिवळीच्या चतकोरावरनं कुणी बोललं नाही, वडीलसुद्धा.

पुढं मी नोकरीला लागलो. जनावरांच्या दवाखान्यात नोंदवहीचे रकाने ठरलेले असायचे. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी. कुत्रं आलंच तर 'इतर'मध्ये. आणि यायचं कोणाचं? बागायतदाराचं राखणीचं, नाहीतर धनगराचं, लांडग्यानं फाडलेलं. 1986 च्या पावसाळ्यात एक दिवस दारात बाबा उभे. पाठ वाकलेली, हातात काठी, काखेत घोंगडीत गुंडाळलेली कुत्री. रंग तोच.

"ही पिवळी?"

"तिसरी. नाव त्येच ठिवतो. जिभंला वळण पडलंय."

तिच्या मानेच्या मागं जखम होती आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. तोंड पट्टीनं बांधून आम्ही टर्पेंटाईनचा बोळा आत धरला, वर आलेल्या अळ्या चिमट्यानं एकेक काढल्या. तासभर गेला असेल. आमच्याकडं येणाऱ्या जखमांवर लोकांनी आधी काय काय थापलेलं असायचं, ते सांगितलं तर कुणाला पटणार नाही. चुना, तंबाखू, आणि खरजेवर तर ट्रॅक्टरचं जळकं ऑईल. कुत्रं ते चाटतं, पोटात विष जातं आणि खरजेच्या आधी कुत्रंच जातं. बाबांनी काही थापलं नव्हतं. नऊ मैल चालत आले होते. जाताना भंडाऱ्यानं पिवळी झालेली चिल्लर टेबलावर मोजायला लागले. फी किरकोळ होती, ती मी भरून टाकली. तर म्हणाले, "पावती माझ्या नावानं फाड. फुकाटची दवा लागू पडत न्हाई."

त्यांना स्वतःला खोकला होता. मी माणसांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर भले होते. फोटो काढला, क्षय निघाला, म्हणाले भरती व्हा, औषध फुकट आहे. बाबा खाटेवर निजले. पिवळी व्हरांड्यात पायरीखाली. पहिल्या रात्री शिपायानं तिला हाकललं, ती परत आली. दुसऱ्या रात्री त्यानं काठी घातली. चूक त्याचीही म्हणवत नाही, आत जखमांची माणसं, लहान पोरं. तिसऱ्या दिवशी सकाळी खाट मोकळी होती. गोळ्यांची पुडी उशाला तशीच. मी मोटरसायकलवर दोन-तीन रस्ते पालथे घातले. सोमवतीच्या गर्दीत, कऱ्हेवर पालखीच्या अंघोळीला, पुढची दोन वर्षं बघत राहिलो. नंतर कोणीतरी सांगितलं की म्हातारा गेला, कुठंतरी सासवडच्या अलीकडं. कुत्रीचं कोणी काही सांगितलं नाही. कुत्रीचं कोण लक्षात ठेवतो!

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. मागून खाणाऱ्याकडं कुत्रं दिसलं की लोक कुत्र्याच्या पोटाची काळजी करतात. पोटाचं ते बहुतेक वेळा भागतं. अडतं ते दाराशी. दवाखान्याचं दार, धर्मशाळेचं दार, रात्रनिवाऱ्याचं दार एकट्या माणसासाठी केलेलं असतं. आपल्याकडं मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे, 1959 चा. भीक म्हणजे काय काय, याची त्यात व्याख्या आहे आणि माणसाची किंवा जनावराची जखम दाखवून मागणं हेही त्यात धरलं आहे. म्हणजे जनावराचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आला होता. पकडलेल्या माणसाला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेलं दुसरं माणूस असेल तर त्याचीही सोय तिथं करता येते. दुसरं माणूस. कुत्रं त्या वाक्यात बसत नाही. ते फुटपाथवर राहतं.

आता मी निवृत्त आहे, मुलाकडं पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीपासून जवळच एक उड्डाणपूल आहे, त्याच्याखाली एक बाई बसते. चाळिशीची, परभणीकडची. सोबत तांबूस पिल्लू. सोसायटीतल्या लोकांना तिचा राग. म्हणे, भीक मिळावी म्हणून पिल्लू धरलंय, त्याला काहीतरी गुंगीचं देते, दिवसभर झोपलेलंच असतं. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतंच, हे मी दोघातिघांना सांगून पाहिलं. असले धंदे कुठं चालत नसतील असं मी म्हणणार नाही. डोळेही न उघडलेली पिल्लं आईपासनं तोडून आणतात आणि ती आठवडाभरात मरतात, हे मी पाहिलंय. पण ते लांबून ओळखू येत नाही. जवळ जाऊन बसावं लागतं.

मी जाऊन बसलो. पिल्लाच्या गळ्यात नायलॉनची दोरी होती, लहानपणी बांधलेली. पिल्लू वाढलं, दोरी वाढली नाही. केसाखाली कातडीत रुतायला लागली होती. तिला ते दिसलं नव्हतं. कात्रीनं कापली तेव्हा तिनं तोंडात पदर कोंबला. तिथं मंदिराचा जुना मऊ पट्टा घातला. मंदिर नव्हे, नातीनं पाळलेल्या कुत्र्याचं नाव मंदार, त्याचा. दोन बोटं आत सरकतील इतका सैल ठेवायचा, दर आठवड्याला बघायचं, एवढं सांगितलं. पुढ्यात बिस्किटांचे सात-आठ पुडे पडलेले. येणारा-जाणारा कुत्र्यासाठी पुडा टाकतो आणि निघून जातो. पाणी मात्र कोणी ठेवलं नव्हतं, मे महिन्यात.

"ताई, खरं सांगा, हिच्यामुळं जास्त पैसे पडतात ना?"

"पडत्यात की काका. खोटं कशाला बोलू." मग जरा थांबून म्हणाली, "पर दिवसाचं सोडा. राती हिच्या आईमुळं मला कुणी हात लावत नव्हतं. ती ट्रकखाली गेली. आता ही मोठी हुईस्तोवर मी जागीच असती."

रात्रनिवाऱ्यात का जात नाही, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. कुत्रं बाहेर ठेवा म्हणाले.

ऑपरेशनचं बोललो तेव्हा ती घाबरली. गाडीवाले नेतील आणि सोडणार नाहीत. नियमानं कुत्रं जिथनं नेलं तिथंच आणून सोडायचं असतं, आणि ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात, हे मी समजावलं. ती म्हणाली, "जिथनं नेलं तिथं सोडतील, पर मी तिथं पाहिजे ना काका. पोलीस आले की मला उठावं लागतंय." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की दिवस भरले की मीच माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडं रिक्षानं न्यायचं, ती सोबत येणार, टाके सुकेपर्यंत आमच्या पार्किंगमध्ये राहणार. सोसायटीशी भांडण व्हायचंच आहे, त्याची तयारी चालू आहे.

परवा तीन महिन्यांची झाली म्हणून रेबीजची पहिली लस दिली. ताई रिक्षातून उतरल्यापासून पिल्लाला छातीशी धरून होती. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड पुढं घेतलं. कुत्र्याचं नाव? ताई माझ्याकडं बघायला लागली. तिनं नाव ठेवलंच नव्हतं, बाळ म्हणूनच हाक मारायची. मी म्हटलं, पिवळी लिहा. मालकाचं नाव ताईनं सांगितलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावाशिवाय. पत्त्याशी मुलीचं पेन थांबलं.

"लिही की," ताई म्हणाली. "पुलाखाली, तिसरा खांब."