गोल छेत्रीचा, चेंडू ब्रँडनचा

विश्वचषक पात्रता फेरीत २०१९ साली भारताचा फुटबॉल संघ पाच सामने खेळला आणि त्या पाचांत त्याला अवघे तीन गोल करता आले. ५ सप्टेंबरला गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीने, १५ ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध आदिल खानने आणि १४ नोव्हेंबरला ताजिकिस्तानातील दुशान्बे येथे अफगाणिस्तानविरुद्ध सेमिनलेन डोंगेलने. फलकावर ही तीन नावे लागली. मात्र तिन्ही वेळा चेंडू ज्याच्या पायाकडून आला, तो खेळाडू एकच होता. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस. पहिल्या वेळी फ्री किक, पुढच्या दोन्ही वेळा कॉर्नर.

आरोग्याच्या पाक्षिकात फुटबॉल कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आमच्या लोणंदला फुटबॉल दूरदर्शन संचापुरताच. त्या खेळाचे वेड पाहायचे तर कोल्हापूरला जावे लागते. तरीही रात्री दवाखाना बंद केल्यावर मी हे सामने पाहतो आणि ब्रँडनसारखा खेळाडू दिसला की मला माझ्या दवाखान्यातील बाकावर बसलेली माणसे आठवतात. रुग्ण नव्हेत, रुग्णाला घेऊन येणारी.

आक्रमक मिडफिल्डर मधली फळी आणि आघाडी यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात उभा असतो. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून कोण कुठे धावते आहे, हे त्याने हेरलेले असते. कारण चेंडू आल्यावर पाहायला वेळ उरत नाही. आपण लहानपणी खो-खो खेळलो आहोत. गडी बाद करणाऱ्याचे कौतुक होते, पण योग्य क्षणी योग्य पाठीवर खो देणारा नसेल, तर बाद करणारा जागचा उठतच नाही. फुटबॉलमधला हा खो देणारा गडी.

२० एप्रिल २०२१ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर, करोनामुळे प्रेक्षकांविना, एफसी गोवा संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध गोल केला. त्या स्पर्धेच्या मुख्य गटफेरीतील भारतीय क्लबचा तो पहिला गोल. डोक्याने मारला एदू बेडियाने. फ्री किक ब्रँडनची. सामना गोव्याने १–२ असा गमावला. पुढच्या वर्षी जूनमध्ये कोलकात्यात आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात कंबोडियाविरुद्ध छेत्रीने हेडरने गोल केला, तेव्हाही चेंडू त्याच्याकडूनच आला होता. दुखापतींनी या खेळाडूला अनेकदा बाहेर बसवले, आणि तो नसला की मैदानात काय कमी आहे हे पटकन कळे.

आता घराकडे वळू. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना त्यांच्या थोरल्या सूनबाई माझ्याकडे आणीत असत. वय अठ्ठावन्न. आजींना पाठीवर एकही जखम नव्हती. ज्यांनी अशा रुग्णाची सेवा केली आहे, त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणे, रात्रीसुद्धा. दिवाळीला धाकटा मुलगा पुण्याहून चाकांची खुर्ची घेऊन आला, आणि वर्षभर गल्लीत त्या खुर्चीचीच वाखाणणी होत राहिली. खुर्ची उत्तमच होती. गोल तो!

रुग्णाबरोबर येणाऱ्याचाही रक्तदाब मोजायचा, हा माझ्या दवाखान्याचा शिरस्ता आहे. सूनबाई नेहमी म्हणत, "डॉक्टर, आधी आत्याबाईंचं बघा, माझं काय!" एका मे महिन्यात त्यांचा दाब १९० वर ११० निघाला. डोके जड होते, पण उन्हाने असेल, असे त्यांना वाटत होते. गोळ्या सुरू केल्या, विश्रांती सांगितली. गोळ्या त्यांनी घेतल्या. विश्रांती कुठून आणणार? तीन आठवड्यांनी त्यांचा उजवा हात बधिर झाला, जीभ अडखळू लागली आणि त्यांना साताऱ्याला दाखल करावे लागले.

त्या आठ दिवसांत घरात कोणालाच सांगता येईना, आजींना कोणती गोळी केव्हा द्यायची. मुलगा मला दूरध्वनीवर विचारी, "पांढरी दोनदा की पिवळी?" अखेर शेजारीण स्वयंपाकघरात शिरली आणि फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला डकवलेला, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहिलेला कागद तिला सापडला. औषधे, वेळा, कोणत्या कुशीवर केव्हा झोपवायचे, कोणता घास गिळताना ठसका लागतो. सारे बॉलपेनने, सुबक अक्षरात.

१९९९ साली अमेरिकेत शुल्झ आणि बीच या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६६ ते ९६ वर्षे वयाच्या, जोडीदाराची सेवा करणाऱ्या माणसांवर त्यांनी सुमारे चार वर्षे लक्ष ठेवले होते. सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचा धोका सेवेचा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे घातक ठरतो तो सेवेचा ताण, सेवा नव्हे. म्हणून "सेवा हेच पुण्य" असे म्हणून सूनबाईंना नमस्कार करणाऱ्या पाहुण्यांचा मला थोडा रागच येतो. नमस्कारापेक्षा एक रात्र जागा.

फुटबॉलमध्ये आता एका सामन्यात पाच बदली खेळाडू उतरवता येतात; पूर्वी तीनच होते. नव्वद मिनिटांच्या खेळाला पाच! आपल्या घरात चार-चार वर्षे चालणाऱ्या आजारपणात बदली खेळाडू किती, हे मोजून पाहावे. सेवा करणाऱ्याची झोप सलग पाच तासही होत नसेल, कंबर धरत असेल, क्षुल्लक कारणाने रडू वा संताप येत असेल, स्वतःच्या साखरेची तपासणी वर्षभर राहिली असेल, तर त्याला आता मैदानाबाहेर बसवायला हवे, थोड्या काळासाठी का होईना. रुग्णाला एकट्याने काखेत धरून वर ओढू नये. अंगाखाली आडवी दुपटी चादर घालून दोघांनी दोन्ही कडांना धरून सरकवावे, कमरा वाचतात.

आणि ज्यांची सेवा होते आहे, त्या माझ्या वडीलधाऱ्या वाचकांनो, गोल केल्यावर कित्येक खेळाडू आधी चेंडू देणाऱ्याकडे बोट दाखवतात. भेटायला आलेल्या मुलाला आपणही सांगू शकता की ही रात्री दोनदा उठते. आपले हे बोलणे घरात जितके ऐकले जाते, तितके डॉक्टरचे ऐकले जात नाही.

सूनबाईंचा हात बराचसा सुधारला. आता शनिवारी संध्याकाळी पुण्याचा धाकटा दीर रेल्वेने येतो आणि सोमवारी पहाटे परततो. त्या दोन रात्री कूस बदलण्याचे काम त्याचे. फडताळातल्या त्या कागदाच्या त्याने तीन प्रती काढल्या आहेत. सूनबाई रविवारी फलटणला बहिणीकडे जाऊन येतात. मागच्या खेपेस त्यांचा दाब १३८ वर ८४ होता. आकडा मी आजींच्या कागदावर कोपऱ्यात लिहू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझा कागद वेगळा काढा."