पावतीवर नाव नको

गेले अडीच महिने पावतीपुस्तक घेऊन फिरतोय. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, जुन्नर, मंचर, घोडेगाव, डिंभे. काम एकच, आपल्या दोन तालुक्यांतल्या माणसांसाठी चालणाऱ्या एका छोट्या मानसिक आरोग्य केंद्राच्या दुरुस्तीसाठी लोकवर्गणी. केंद्राचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पोस्ट फिरत फिरत कुठंही जाते, आणि उद्या त्या फाटकातून आत जाणाऱ्या एखाद्या बाईचा कुणी मोबाइलवर फोटो काढावा, हे मला नको आहे.

आधी काम काय आहे ते सांगतो. जुनी इमारत आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, वर सिमेंटचे पत्रे. ठरलेल्या दिवशी पुण्याहून मानसोपचाराचे डॉक्टर येतात. एरवी दोन कार्यकर्त्या असतात. गोळ्या चालू आहेत का, झोप लागते का, माणूस कामाला जायला लागला का, हे बघायला त्या घरोघरी जातात. पत्रे दोन पावसाळे गळतायत. औषधांचं कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढून ठेवलंय, कारण भिंतीला ओल आहे. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. लांबून आलेली बाई दुपारपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही.

पण आमच्या यादीत पत्र्यांचा नंबर दुसरा आहे. पहिला नंबर भिंतीचा. दोन खोल्यांमधली भिंत वर छतापर्यंत जातच नाही. आत कुणी डॉक्टरांशी बोलत असलं की बाहेर बाकावर बसलेल्यांना सगळं ऐकू येतं. त्यामुळं आतला माणूस बोलत नाही. "झोप येत नाही" एवढंच सांगतो, गोळ्या घेतो आणि निघतो. खरं दुखणं पोटातच राहतं. चार फुटांची भिंत वाढवली तर औषधाइतकाच गुण येईल, असं तिथल्या ताईंचं म्हणणं. मला ते पटलं.

आता वर्गणीबद्दल.

आपल्याकडं वर्गणी गोळा करणं नवीन नाही. गावोगाव मंदिरांचे जीर्णोद्धार झाले ते लोकांच्या पैशावर. यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला कुणी किती इनाम लावलं ते भोंग्यावर तीन-तीनदा सांगतात. सप्त्याच्या पत्रिकेत कोणत्या दिवशी कुणाची पंगत ते छापलेलं असतं. मुंबईला डबे पोचवणारी, वाशीच्या मार्केटात कष्ट करणारी आपली माणसं यात्रेला येतात आणि वर्गणी देऊन जातात. मंदिराच्या संगमरवरी पाटीवर नाव खालीवर झालं तर भावकीत वर्षभर अबोला असतो. मी हे नावं ठेवायला सांगत नाही. माणसाला आपलं नाव गावात राहावंसं वाटतं, त्यात वाईट काय?

म्हणून मी गेलो तोही त्याच हिशेबानं. पाटी लावू, नाव लिहू, लोक देतील.

लोकांनी दिलंही. पण वेगळंच घडलं.

टोमॅटोच्या व्यवहारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं मी निम्मं सांगेपर्यंत खिशातून पैसे काढले. मी नाव लिहायला लागलो तर माझा हात धरला. "नाव नको. हितचिंतक लिहा." याच माणसाचं नाव त्याच्या गावच्या देवळाच्या पाटीवर वरून तिसरं आहे.

एका निवृत्त गुरुजींनी आधी दार लोटलं, मग पैसे दिले, आणि मग अर्धा तास धाकट्या भावाबद्दल बोलत राहिले. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. निघताना म्हणाले, "हे आपल्या दोघांत."

मुंबईहून एकाचा फोन आला. पैसे पाठवतो म्हणाला. "फक्त गावात बोलू नका, पोरीचं जमवायचं चाललंय."

आणि एका वस्तीवर मी वर्गणी मागितली तर उत्तर आलं, "आमच्यात तसलं कुणी नाय." मी कुठं विचारलं होतं कुणी आहे का म्हणून?

पहिलं पावतीपुस्तक संपलं तेव्हा उलटून पाहिलं. निम्म्याहून जास्त पावत्या 'हितचिंतक' नावाच्या. आणि आकडे बघितले तर मोठ्या रकमा याच हितचिंतकांच्या. म्हणजे नाव नको म्हणणारा हात आखडता घेत नाही. उलट या केंद्राचं मोल त्यालाच जास्त कळलंय, कारण त्याच्या घरात कुणीतरी आहे किंवा होतं.

कुणी म्हणेल, हे गुप्तदान झालं, चांगलंच की. गुप्तदान मला माहीत आहे. 'मी दिलं' हा अहंकार नको म्हणून माणूस नाव लपवतो, ते गुप्तदान. इथं माणूस भीतीनं नाव लपवतोय. दोन्हींत पावती सारखीच दिसते, पण फरक मोठा आहे.

ही भीती काय करते ते सांगतो. रस्ता खराब झाला की आपण रास्ता रोको करतो. आवर्तन लांबलं की पाटबंधारे खात्याच्या दारात बसतो. बिबट्यानं माणूस मारला की पुणे-नाशिक हायवे अडवतो, पिंजरे मागतो, दिवसा वीज मागतो. बरोबरच आहे ते. पण मानसोपचार तज्ज्ञ नियमित का येत नाही, गोळ्या का संपल्या, हे विचारायला ग्रामसभेत कधी कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. कारण विचारणाऱ्याकडं सगळं गाव बघणार, "ह्याच्या घरात कोण?" नाव नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून सोय नाही.

सोयीची गरज नाही असं तर नाहीच. ३० जुलै २०१४ ला आपल्या आंबेगावात माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. वाचलेल्यांना पुढं नवीन गाव बांधून मिळालं. घरांचा पंचनामा झाला, जमिनीचा झाला. झोपेचा पंचनामा होत नाही. पश्चिम पट्ट्यात आजही रात्री पावसानं जोर धरला की उठून बसणारी माणसं आहेत. इकडं पूर्वेला उसाच्या पट्ट्यात अंधार पडायच्या आत पोरं घरात ओढायची, आणि रात्रीची लाइट आली की पाणी धरायला मात्र त्याच उसात शिरायचं. टोमॅटो एका वर्षी बंगला देतो, दुसऱ्या वर्षी रस्त्यावर ओतावा लागतो. हे सगळं कुठंतरी साठतं.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यं घेतली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी त्यातला आकडा आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. शंभर प्रौढांमागं दहाहून थोडे जास्त लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात होते, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. हजार वस्तीचं गाव घ्या आणि मनातल्या मनात हिशेब करा. "आमच्यात तसलं कुणी नाय" हे कुठल्या गावाला म्हणता येईल?

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला जवळचं येरवडा. जुन्नरहून नव्वदेक किलोमीटर, त्यात चाकणची कोंडी. भीमाशंकरच्या अंगाच्या गावातून निघालं तर अख्खा दिवस जातो, दोघांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. माणूस दोनदा जातो, तिसऱ्यांदा गोळ्या बंद होतात. मग देवऋषी असतोच, तो गावातच असतो.

"हे सरकारचं काम आहे, तुम्ही कशाला वर्गणी काढता?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, तो २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमात सरकारी किंवा सरकारी मदतीच्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क म्हटलाय. आवश्यक यादीतली औषधं मोफत मिळाली पाहिजेत, आणि उपचार माणसाच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळाले पाहिजेत. ९५ व्या कलमानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. म्हणजे डॉक्टर आणि गोळ्या हे आपण भीक म्हणून मागायचं नाही, हक्कानं मागायचं. वर्गणी भिंतीसाठी आणि पत्र्यांसाठी आहे. पावसाळा कायद्यासाठी थांबत नाही.

आणि लोकांच्या पैशातून अशी कामं उभी राहिलेली आहेत. पुण्याचं मुक्तांगण घ्या. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढं आले, त्यांच्या प्रतिष्ठाननं एक लाख रुपये दिले, आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी केंद्र सुरू केलं. पैसा तर महत्त्वाचा होताच. पण व्यसनी पोराबद्दल घरात कुजबुजत बोलायचे त्या काळात पु. लं.चं नाव उघडपणे त्या कामामागं उभं होतं, हे मला लाखाइतकंच मोठं वाटतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून बरं करून घरी पोचवणारे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या कामासाठी चित्रकारांनी आपली चित्रं दिली, ती विकून निधी उभा केला. चित्राखाली सही असतेच. सही लपवून चित्र देता येत नाही.

तिकडं नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाच्या कामात गावातल्याच लोकांना शिकवलं. शेजारी कोण गप्प झालंय, कोण जेवत नाही, ते ओळखायचं, ऐकून घ्यायचं, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं, अडलेली सरकारी योजना मिळवून द्यायला मदत करायची. आदिवासी तालुका, आपल्या पश्चिम भागासारखाच. म्हणजे सगळं काही डॉक्टरवरच अडत नाही. बरंचसं शेजाऱ्यावर अडतं.

तर मंडळी, माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, जमेल तेवढे पैसे द्या. सिमेंटची एक गोणी दिली तरी चालेल. गवंडीकाम येत असेल तर दोन दिवस द्या. पै-पैचा हिशेब केंद्राच्या पडवीत लावू.

दोन, जमलं तर पावतीवर नाव घाला. रुग्णाचं नाव कधीही, कुठंही लागणार नाही. ते त्याचं आहे आणि कायद्यानंही गोपनीय आहे. पण देणाऱ्याचं नाव लागू द्या. ज्यांच्या घरात कुणीच आजारी नाही त्यांनी तर आधी घाला. पाटीवर सरपंच, गुरुजी, हॉटेलवाला, कीर्तनकार, गाडामालक अशी सगळ्यांची नावं सरमिसळ असली, की कुणाच्या घरात कोण हे कुणाला ओळखता येणार नाही. ज्यांना खरंच भीती आहे त्यांना त्या गर्दीत उभं राहता येईल. ज्यांना तरीही नको, त्यांनी हितचिंतक लिहावं. त्या पावतीची किंमत कमी नाही.

तीन, पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात आणि गोळ्या शिल्लक आहेत का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आज रात्रीच बोलायची गरज वाटत असेल, तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

पावतीपुस्तक दुसरं चालू झालंय. परवा नारायणगावात एका किराणा दुकानदार ताईंनी पाचशे रुपये दिले आणि म्हणाल्या, "नाव पूर्ण लिहा, सासरचं आणि माहेरचं पण." लिहिलं. आता तुमचं सांगा.