कंसातला आकडा

मी गणिताची हस्तलिखितं टाइपसेट करते. लोकांना वाटतं, यात अवघड असतात ती इंटिग्रल आणि सिग्माची चिन्हं. ती निमूट बसतात. खरी कुस्ती असते समीकरणाशेजारच्या कंसातल्या आकड्याशी. तो कुठे बसवायचा?

लाटेक त्याला आपोआप उजवीकडे नेतं. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या लेखांच्या साच्यात मात्र तो डावीकडे असतो. दोन्हीला कारण आहे. मागची पानं उलटून जुनं समीकरण शोधताना नजर डाव्या समासातून खाली घसरते, तिथे आकडा पटकन सापडतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मात्र आधी समीकरण दिसायला हवं, आकडा मागाहून. त्याच्यासाठी उजवी बाजू बरी. समीकरण लांबलचक असलं आणि ओळीत जागा उरली नाही, तर डोनाल्ड कनूथ यांचं टेक उजवा आकडा समीकरणाखाली उतरवतं, डावा वर चढवतं. म्हणजे अडचणीतही डावा आधी, उजवा नंतर.

एका लेखकाने मला सांगितलं, "ज्यांचा मी पुढे उल्लेख केलेला नाही, त्या समीकरणांचे क्रमांक काढा. पान मोकळं दिसेल." पान खरंच मोकळं दिसतं. पण भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मर्मिन यांनी १९८९ मध्ये 'फिजिक्स टुडे'त आग्रह धरला होता, की स्वतंत्र ओळीत मांडलेल्या प्रत्येक समीकरणाला क्रमांक द्या. कारण लेखकाला गरज नसली तरी वाचकाला त्याबद्दल बोलायचं असू शकतं. मी हे लेखकाला कळवलं. त्यांना पटलं नाही. पुस्तक त्यांचं, मी क्रमांक काढले.

तेव्हापासून एक विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. रात्री अडलाय, मैत्रिणीला मेसेज करतोय: "अगं ते खालून तिसरं, दोन सिग्मावालं." तिच्याकडे वेगळी आवृत्ती, तिथे ते खालून तिसरं नाहीच. क्रमांक असता तर चार अक्षरांत काम झालं असतं. शंका विचारायची तर आधी बोट ठेवायला जागा लागते.

आणि आता तो पुस्तक फोनवर वाचतो. अक्षर मोठं करायला पीडीएफ दोन बोटांनी ताणली, की उजवा आकडा स्क्रीनबाहेर जातो. ओळीच्या सुरुवातीपासून वाचताना डावा समोर राहतो. म्हणून हल्ली फोनवर वाचलं जाणारं हस्तलिखित आलं, की मी लेखकाला एकाच मजकुराची दोन नमुनापानं पाठवते, आकडा उजवीकडे आणि आकडा डावीकडे. सोबत एकच विनंती: दोन्ही फोनवर उघडून बघा.