न आलेल्या शत्रूची टेकडी

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाही. आम्हा दोघांची मिळून साठएक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली. त्या काळात इतकी प्रवासवर्णने वाचली आणि वाचायला लावली, की सूर्यास्त, स्वच्छ रस्ते आणि तेथील माणसांची शिस्त या तीन विषयांवर आता स्वतःहून एकही वाक्य लिहू नये, असे वाटते. तरीही गेल्या डिसेंबरात ऑकलंडला लेकीकडे गेलो असताना पाहिलेल्या एका टेकडीविषयी लिहिणे भाग आहे. त्या टेकडीने आम्हांला आमच्याच व्यवसायातली एक गोष्ट नव्याने शिकवली, आणि तीही बऱ्याच उशिरा.

ऑकलंड हे ज्वालामुखींवर वसलेले शहर आहे. शहराच्या परिसरात पन्नासहून अधिक लहानमोठे ज्वालामुखी आहेत. बंदराच्या मुखाशी, डेव्हनपोर्ट या उपनगराच्या टोकाला त्यांतलाच एक उभा आहे. इंग्रजांनी त्याला नॉर्थ हेड म्हटले. माओरी लोकांचे त्याचे नाव माउंगाउइका. शहरातून निघालेली फेरीबोट दहा-बारा मिनिटांत डेव्हनपोर्टच्या धक्क्याला लागते आणि तिथून किनाऱ्याच्या कडेने चालत गेले की टेकडीचा पायथा येतो. उंची शंभर मीटरही नाही. आपल्याकडच्या डोंगरांची सवय असलेल्या माणसाला ती टेकाडच वाटावी. उतारावर हिरवे गवत आणि त्या गवतावरून पुठ्ठ्याचे तुकडे बुडाखाली घेऊन घसरणारी मुले. आमचा सहा वर्षांचा नातू पाच मिनिटांत त्यांच्यात मिसळून गेला.

गवताखाली मात्र टेकडी पोखरलेली आहे. भुयारे, दारूगोळ्याच्या कोठ्या, तोफांचे मोर्चे, शोधदिव्यांच्या जागा असे सारे तिच्या पोटात आहे. यातले बरेचसे काम कैद्यांच्या श्रमांतून झाले. शिखरावर त्यांना ठेवण्याची जागा होती. इतका खटाटोप कोणासाठी, याचे उत्तर ऐकून आम्ही चकित झालो. हा सारा बंदोबस्त रशियासाठी होता.

ऑकलंडवर रशिया कशासाठी चाल करून येईल? उत्तर शोधायला आपल्या बाजूला यावे लागते. 30 मार्च 1885 रोजी अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवरील पंजदेह येथे रशियन सैन्याने अफगाण सैन्याचा पराभव केला. पंजदेहच्या पुढे हेरात आणि हेरात म्हणजे हिंदुस्थानचे दार, अशी इंग्रजांची धारणा होती. लंडन आणि कलकत्ता दोन्हीकडे युद्धाची भाषा सुरू झाली. इंग्रज आणि रशियन खरोखर भिडले, तर रशियाची पॅसिफिकमधली जहाजे साम्राज्याच्या दूरच्या बंदरांवर घाला घालतील, या भयाने त्याच वर्षी न्यूझीलंडच्या प्रमुख बंदरांवर तटबंदी उभी राहू लागली. हिंदुस्थानच्या दारावर कोणी थाप मारील म्हणून हजारो मैलांवरच्या या बेटावर टेकडी खोदली गेली. त्याच 1885 सालच्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, आणि तिथे संमत झालेल्या ठरावांत वाढीव लष्करी खर्च अनावश्यक असल्याचा एक ठराव होता. एकाच भीतीला एका किनाऱ्यावर काँक्रीटने उत्तर दिले जात होते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर शब्दांनी.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना रस वाटावा अशी गोष्ट याच्याही आधीची आहे. फेब्रुवारी 1873 मध्ये ऑकलंडच्या 'डेली सदर्न क्रॉस' या वर्तमानपत्राने एक सनसनाटी वृत्तान्त छापला. रशियन युद्धनौका रात्री बंदरात शिरली, तिने शहरातले सोने लुटले, महापौरांना ओलीस धरले, असा त्याचा आशय होता. वाचक हादरले. वृत्तान्त संपूर्ण कल्पित होता आणि संपादक डेव्हिड लकी यांनी तो रचला होता. बंदर किती असुरक्षित आहे हे लोकांना दाखवावे, हा हेतू. खूण त्यांनी उघड्यावरच ठेवली होती. जहाजाचे नाव होते 'कास्कोविस्की'. मोठ्याने म्हटले तर 'कास्क ऑफ व्हिस्की', म्हणजे व्हिस्कीचे पीप, असे ऐकू येते. पण घाबरलेला वाचक शब्दाचा नाद ऐकत नाही. श्लेष अलंकार आम्ही अनेक वर्षे शिकवला. भीती श्लेष बहिरा करते, हे मात्र कधी सांगितले नव्हते.

रशियन आले नाहीत. पुढे दोन महायुद्धे झाली, तोफा बदलल्या, नवे मोर्चे बांधले गेले. तरीही या टेकडीवरून शत्रूवर एकही गोळा सुटला नाही. 1950च्या दशकात किनारी तोफखाना बरखास्त झाला, नौदलाचे प्रशिक्षण केंद्र मात्र 1996 पर्यंत इथे होते. आमच्या नातवाने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बागुलबुवा होता?" हा शब्द त्याला आजीनेच दिला होता. आम्हांला त्याहून नेमका शब्द सुचला नाही.

दक्षिणेच्या मोर्च्यात एक आठ इंची तोफ अजून जागेवर आहे. तिला लपणारी तोफ म्हणतात. खोल गोल खड्ड्यात ती बसवलेली असते. खड्ड्यातच तिच्यात गोळा भरायचा, मग दाबलेल्या हवेच्या जोराने ती वर येते, काठावरून डोकावून मारा करते आणि स्वतःच्याच धक्क्याने पुन्हा खाली जाते. त्या धक्क्याने हवा पुन्हा दाबली जाते आणि पुढच्या उसळीची तयारी होते. समुद्रावरच्या जहाजाला क्षणभर नळी दिसावी आणि पुन्हा नुसते गवत. जावई हे यंत्र नातवाला समजावून देत होते. आम्ही कठड्याशी उभे राहून एकमेकांकडे पाहिले आणि नजर वळवली.

त्याचे कारण सांगायला हवे. आमच्यापैकी जिला लेक आई म्हणते, तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान प्रवासाच्या तीन महिने आधी झाले होते. काचबिंदूत कडेची दृष्टी हळूहळू जाते. समोरचे अक्षर स्वच्छ दिसत राहते, त्यामुळे माणसाला आपले काही गेले आहे हे पुष्कळ दिवस कळतच नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही; थेंब घालून डोळ्यांतला दाब उतरवायचा आणि उरलेले राखायचे, एवढेच हाती असते. लेकीला हे सांगायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. ती दूर आहे, नोकरी आहे, मूल लहान आहे, उगीच जिवाला घोर कशाला, ही सगळी कारणे आम्ही एकमेकांना पटवून दिली होती. थेंबांची बाटली पर्समध्ये, वेळ साधायची ती न्हाणीघराचे दार लावून. फोनवर डोळ्यांचा विषय निघाला, की आमच्यापैकी दुसऱ्याने हवापाण्याकडे वळायचे. आमचा मोर्चाही चांगला बांधलेला होता.

भुयारांत दिवे नाहीत. विजेरी घेऊन जावे लागते. आत गारवा आणि ओलसर वास होता, आणि नातवाचा आवाज भिंतींवरून परत येत होता. लेक पुढे, आम्ही मागे. एका वळणावर दोन पायऱ्या खाली उतरतात. विजेरीचा झोत समोरच्या भिंतीवर होता आणि पायऱ्या झोताच्या कडेला होत्या. लेकीच्या आईचा पाय पोकळीत गेला. भिंतीला हात टेकल्यामुळे पडणे टळले, पण तळवा खरचटला. लेक मागे वळली, तिने विजेरी पायऱ्यांवर धरली, मग आईच्या चेहऱ्यावर. "आई, पायरी दिसली नाही का तुला?" एवढेच ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन निरनिराळी उत्तरे दिली. एक म्हणाले, चष्मा बदलायला झालाय. दुसऱ्याने चप्पल निसटल्याचे सांगितले.

शिखरावर येऊन बाकावर बसलो. समोर रांगितोतो बेट, सहाएक शतकांपूर्वीच्या उद्रेकातून वर आलेले; त्याचे दोन्ही उतार एखाद्याने हात पसरावेत तसे सारखे. उजवीकडे हौराकीचे आखात, मागे शहर आणि त्याचा उंच मनोरा. देखावा विलक्षण होता, आणि तो का विलक्षण आहे हेही तेव्हाच ध्यानात आले. तोफेला जे दिसावे लागते, तेच पर्यटकाला पाहायला आवडते. समोर काही आड येऊ नये, येणारे गलबत दुरूनच टप्प्यात यावे, म्हणून ज्या जागा निवडल्या, त्याच जागी आज बाक आहेत. त्यांच्याही आधी इथे राहिलेल्या माओरी लोकांनी याच कारणासाठी ही टेकडी निवडली असणार. 2014च्या कायद्याने ऑकलंडच्या अशा 14 शिखरांची मालकी 13 माओरी जमातींच्या समूहाकडे आली. त्यांत माउंगाउइका आहे.

कोणीच बोलत नव्हते. तेव्हा जावयांनी, बहुधा ती शांतता मोडावी म्हणून, या टेकडीची दंतकथा सांगितली. 1918 मध्ये बोइंग कंपनीने बनवलेली पहिली दोन सागरी विमाने पलीकडच्या काठावरच्या एका वैमानिक-शाळेने विकत घेतली होती. शाळा 1924 मध्ये बंद झाली आणि कालांतराने विमानांचा माग सुटला. मग लोक म्हणू लागले, की ती याच टेकडीत, बुजवून टाकलेल्या एखाद्या भुयारात आहेत. कोणी आणखी पुढे गेले: जुना दारूगोळा आहे, टेकडीखाली सबंध मजले आहेत. 1990च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी कागदपत्रे तपासली, खोदून पाहिले. लपवलेले भुयार सापडले नाही. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तरीही मानणारे मानतातच.

"साहजिक आहे," लेक म्हणाली. "इतकी वर्षं कुणाला आत येऊ दिलं नाही. लोक काहीतरी भरणारच ना त्या जागी." मग आमच्याकडे न पाहता ती म्हणाली, "मीही भरत होतेच. सप्टेंबरपासून तुम्ही फोनवर काहीतरी टाळताय. मला वाटलं, बाबांना कॅन्सर झालाय."

आम्ही वर्गात ध्वनी शिकवला. उत्तम काव्य सर्व काही सांगत नाही, अनुक्ताची जागा सहृदय वाचक आपल्या अनुभवाने भरतो, हे उदाहरणांसह पटवून दिले. परीक्षेत त्यावर प्रश्न विचारले. पण ही जागा वाचक आपल्या भयानेही भरतो, हा त्याच सिद्धान्ताचा दुसरा भाग त्या बाकावर बसेपर्यंत आमच्या ध्यानात आला नव्हता. 1873चा वाचक जहाजाच्या नावातली थट्टा सोडून भीती तेवढी वाचतो. बंद भुयारासमोर उभा राहिलेला माणूस त्यात विमाने ठेवतो. आणि आमच्या फोनवरच्या रिकाम्या जागेत आमच्या लेकीने बापाचे मरण ठेवले होते; तीन महिने, एकटीने. तिला घोर नको म्हणून आम्ही जे झाकले, त्याहून मोठा घोर आम्ही तिला झाकण्यानेच दिला होता.

आम्ही सांगितले. काचबिंदू हा शब्द उच्चारल्यावर ती आधी हसली, मग बराच वेळ रडली. शेवटी तिने जे विचारले, त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. "हे आनुवंशिक असतं ना?" असू शकते. आईवडिलांना काचबिंदू असेल, तर मुलांना तो होण्याची शक्यता इतरांहून अधिक असते, म्हणून मुलांनी डोळे तपासून घ्यावेत, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. आम्ही ते ऐकले होते आणि घरी येऊन ठरवले होते, की मुलीला काही सांगायचे नाही. तिच्या भल्याचा विचार करताना तिच्या डोळ्यांचा विचार आम्ही केलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिने तपासणी करून घेतली. सध्या दाब ठीक आहे. दर वर्षी जायचे आहे. यापेक्षा वेगळे काही निघाले असते, तर हा लेख आम्हांला लिहिता आला असता का, हे सांगवत नाही.

उतरताना लेकीने आईचा खरचटलेला हात धरला होता आणि विजेरी, उजेड असूनही, दुसऱ्या हातात तशीच होती. नातवाला आणखी एकदा घसरायचे होते. खाली पोचल्यावर त्याने विचारले, की मग त्या सगळ्या तोफांनी शेवटी कुणाला मारले? कुणालाच नाही, असे आम्ही म्हणालो. त्याचा हिरमोड झाला. आम्हांला मात्र परतीच्या बोटीत बसेपर्यंत ते उत्तर पुरेसे खरे वाटत नव्हते.